फोर्डची गाडी आणि तंजावरचा रस्ता

तंजावर म्हटले की मराठी वाचकाच्या मनात काही ठरावीक चित्रे उभी राहतात. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ मध्ये कोरविलेला भोसले कुळाचा प्रदीर्घ शिलालेख, सरस्वती महालातील पोथ्या, सरफोजीराजांचा विद्याव्यासंग, राजदरबारी रचली गेलेली मराठी नाटके. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुरुष वारसावाचून निवर्तले, राज्य खालसा झाले, आणि त्यानंतर तंजावरात जणू काही घडलेच नाही अशा समजुतीने आपले बहुतेक लेखक तेथेच लेखणी खाली ठेवतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ लोटल्यावर त्या भूमीवर आलेल्या एका परकीय वस्तूचा आहे. अमेरिकेतील कारखान्यांतून प्रथम हजारांनी आणि पुढे लाखांनी बाहेर पडलेली स्वस्त मोटारगाडी ती ही वस्तू होय. हिंदुस्थानातील मोटारीचा इतिहास आपल्याकडे संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस गाड्यांच्या वर्णनाने सुरू होतो आणि बहुधा तेथेच संपतो. तो वाचावयास मनोरंजक खरा. परंतु रस्त्यावरच्या माणसाशी त्याचा संबंध फारसा येत नाही. ज्या गाडीने कावेरीच्या खोऱ्यातील सामान्य माणसाची हालचाल बदलली ती राजेलोकांची नव्हती.

त्या गाडीच्या जन्मभूमीकडे आधी वळले पाहिजे. मोटारगाडीचा शोध अमेरिकेचा नव्हे, तो जर्मनीचा. मात्र एकाच नमुन्याच्या असंख्य गाड्या काढण्याची विद्या अमेरिकेत वाढली. रॅन्सम ओल्ड्स ह्यांनी १९०१ मध्ये आपली एका सिलिंडरची, पुढचा भाग घसरगाडीसारखा वळविलेली ओल्ड्समोबिल ६५० डॉलरांस विक्रीस आणली. त्या वर्षी अशा सुमारे सव्वाचारशे गाड्या झाल्या. १९०४ मध्ये हा आकडा साडेपाच हजारांपर्यंत गेला. हा आरंभ. दुसरी पायरी कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलँड ह्यांची. १९०८ साली इंग्लंडातील ब्रुकलँड्स येथे तीन कॅडिलॅक गाड्या पूर्णपणे खोलण्यात आल्या, त्यांच्या भागांची एकत्र सरमिसळ करण्यात आली, काही भाग तर बाजूस काढून त्यांच्या जागी कोठारातील नवे भाग घातले गेले, आणि केवळ पाना व पेचकस एवढ्या साधनांवर त्या ढिगातून पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या गेल्या. तिन्ही पाचशे मैल धावल्या. तोपर्यंत युरोपातील गाडी कारागिराने एकेक भाग कानशीने घासून बसविलेली असे. एकीचा भाग दुसरीस लागत नसे. ब्रुकलँड्सच्या ह्या प्रयोगाचे महत्त्व लंडनच्या रसिकांपेक्षा कारखान्यापासून हजारो मैल दूर असलेल्या गावातील लोहाराला अधिक होते, हे पुढे दिसून येईल.

तिसरी पायरी हेन्री फोर्ड ह्यांची. १ ऑक्टोबर १९०८ रोजी त्यांचे ‘मॉडेल टी’ बाजारात आले. चार सिलिंडरांचे, वीस अश्वशक्तीचे इंजिन; व्हॅनेडियम मिसळलेले हलके पण चिवट पोलाद; उंच उचललेला तळ. फोर्ड स्वतः शेतकऱ्याचे पुत्र होते आणि ही गाडी त्यांनी शेतकऱ्याच्या चिखलाच्या रस्त्यासाठीच योजिली होती. पहिली किंमत ८५० डॉलर. १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क येथील कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली. शिकागोच्या खाटीकखान्यांत टांगलेले जनावर सरकत्या आकड्यांवरून एका कसायापासून दुसऱ्याकडे जाई आणि प्रत्येक जण आपल्या वाट्याचा एकच अवयव काढी. ती रीत उलटी करून येथे प्रत्येक जण एकच अवयव जोडू लागला. एक सांगाडा जुळविण्यास पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम वर्षभरात सुमारे दीड तासावर आले. किमती उतरत गेल्या. १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यास ही गाडी तीनशे डॉलरांच्या आत मिळू लागली. १९२७ च्या मे महिन्यात दीड कोटीवी गाडी बाहेर पडली आणि त्याच वर्षी हा नमुना बंद झाला.

एकच स्क्रू दिवसभर फिरविण्याचे हे काम माणसांना सोसवेना. १९१३ मध्ये चौदा हजारांच्या आसपास कामगार टिकवून धरण्यासाठी कंपनीला पन्नास हजारांहून अधिक माणसे नव्याने भरती करावी लागली. त्यावर उपाय म्हणून जानेवारी १९१४ मध्ये आठ तासांस पाच डॉलर रोजाची प्रसिद्ध घोषणा झाली. तीत अटी होत्या, कामगाराचे घर आणि त्याची राहणी तपासण्यास कंपनीचे निरीक्षक जात, हेही सांगितले पाहिजे. तरीही ह्या मजुरीने हिशेब केला तर त्या काळी शंभराच्या आसपास दिवसांच्या कमाईत कामगार आपण बनविलेली गाडी घेऊ शकत होता. जगाच्या इतिहासात ही गोष्ट नवीन होती.

आता तंजावरकडे येऊ. एका डॉलरचे त्या काळी सुमारे तीन रुपये होत. म्हणजे अगदी स्वस्त झालेली फोर्डदेखील मूळ किमतीतच आठ-नऊशे रुपयांची, आणि तीवर जहाजभाडे, जकात व विक्रेत्याचा नफा वेगळा. कावेरीच्या खोऱ्यात जमीन मिरासदारांच्या हाती होती. ती कसणारा पण्णैयाळ, म्हणजे आपल्याकडील सालदारासारखा बांधील शेतमजूर, आपली मजुरी बहुतांशी भाताच्या मापांत घेई. रोख रुपया त्याच्या हाताला क्वचितच लागे. फोर्ड ह्यांच्या मनातील शेतकरी आणि हा शेतकरी ह्यांत एका शब्दापलीकडे साम्य नव्हते. मिरासदारांनी, वकिलांनी, अंमलदारांनी मोटारी घेतल्या. त्यांची संख्या ती किती असणार? अमेरिकेत घराघरांत शिरून जिने क्रांती केली ती गाडी ह्या मुलखात घराबाहेरच राहिली असती. तसे झाले नाही. येथे एका गाडीचा मालक एक आणि तिच्यात बसणारे पुष्कळ अशी व्यवस्था निघाली, आणि तिचे नाव बस.

हे का घडले हे समजण्यासाठी ह्या प्रदेशातील वाटांचा पूर्वेतिहास लक्षात घ्यावा लागतो. काशीहून निघालेला यात्रेकरू रामेश्वरास जाताना तंजावरच्या राज्यातून पायी जाई. त्याच्यासाठी मराठी राजांनी व राण्यांनी वाटेवर ठिकठिकाणी छत्रे बांधली. नीडामंगलमचे यमुनांबा छत्र, ओरत्तनाडूचे मुक्तांबा छत्र ही त्यांतील प्रसिद्ध. ओरत्तनाडूच्या छत्राची दर्शनी बांधणी हत्तीघोड्यांनी ओढलेल्या रथासारखी आहे. तेथे अन्न मिळे, आसरा मिळे, आजाऱ्यास औषध मिळे. आपल्याकडे ‘अन्नछत्र’ ह्या शब्दाने जो बोध होतो त्याहून ही संस्था बरीच व्यापक होती. इंग्रजी अमदानीत ही छत्रे तंजावरच्या डिस्ट्रिक्ट बोर्डाच्या व्यवस्थेखाली आली. हेच बोर्ड पुढे आणखी एका गोष्टीसाठी नावाजले: त्याने जिल्ह्यात उपकर बसवून स्वतःचा लोहमार्ग उभारला. मायावरम् ते मुत्तुपेट हा तो मार्ग १८९४ मध्ये सुरू झाला. नागपट्टणम् ते तिरुचिरापल्ली हा तंजावरवरून जाणारा लोहमार्ग तर १८६१-६२ मध्येच झाला होता. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या आरंभी तंजावर जिल्हा आगगाडीच्या बाबतीत चांगलाच संपन्न होता.

परंतु ही संपन्नता नदीकाठची होती. शहराच्या नैर्ऋत्येस वल्लमकडे निघाले की भातखाचरे संपतात आणि तांबडी, खडकाळ जमीन लागते. त्या बाजूस गंधर्वकोट्टैवरून पुदुकोट्टै संस्थानात रस्ता जातो. पुदुकोट्टैस त्या काळी आगगाडीच नव्हती. तिरुचिरापल्लीकडून तेथे लोहमार्ग पोहोचला तो १९२९ मध्ये. म्हणजे एका बाजूस आगगाडीचे मोठे स्थानक आणि दुसऱ्या बाजूस छत्तीस मैलांवर आगगाडीवाचूनची संस्थानी राजधानी. मध्ये बैलगाडी आणि झटका, म्हणजे त्या प्रांतातील एकघोडी टांगा. टी. व्ही. सुंदरम् अय्यंगार ह्यांनी हे अंतर हेरले. तिरुनेलवेली भागात १८७७ मध्ये जन्मलेल्या ह्या गृहस्थांनी वकिली, रेल्वेची नोकरी, पेढीची नोकरी असे सारे करून पाहिले होते. १९१२ च्या सुमारास त्यांनी तंजावर-पुदुकोट्टै मार्गावर प्रवासी मोटार सुरू केली. दक्षिणेतील ग्रामीण बस-वाहतुकीचा पाया ह्याच आरंभीच्या धाडसाने घातला. पुढे मदुरा हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. त्यांच्या गाड्यांच्या वक्तशीरपणाविषयी दक्षिणेत आख्यायिका आहेत. गाडी गावातून गेली की लोक घड्याळ लावीत असे सांगतात. रस्त्यावर पडलेले बैलांच्या नालांचे खिळे टायरांत घुसत म्हणून ते लोहचुंबकाने वेचून घेण्याची त्यांनी व्यवस्था केली असेही सांगतात. आख्यायिकेचे मोल आख्यायिकेइतकेच. तरी बैलगाडीच्या रस्त्यावर मोटार चालवू पाहणाऱ्यास कशाशी झगडावे लागे हे तीवरून नेमके कळते.

अय्यंगारांच्या मागोमाग मद्रास इलाख्यात लहान-मोठ्या बसमालकांची गर्दी झाली. कोईमतूरचे जी. डी. नायडू ह्यांनी १९२० मध्ये एका गाडीनिशी पोल्लाची-पळनी मार्गावर आरंभ केला. अशा एका-दोन गाड्यांच्या मालकांना परवडणारे वाहन म्हणजे फोर्ड किंवा शेवरोले. १९२० नंतर हिंदुस्थानात येणाऱ्या मोटारींत अमेरिका आणि कॅनडा ह्यांचाच वाटा मोठा असे. कॅनडाचे कारण असे की, ब्रिटिश साम्राज्यात फोर्ड गाड्या विकण्याचे हक्क, खुद्द इंग्लंड-आयर्लंड वगळता, तेथील फोर्ड कंपनीकडे होते. उजव्या बाजूस चालकचक्र असलेली गाडी तेथून येई. १९१७ पासून फोर्डचा एक टनी मालवाहू सांगाडाही निघू लागला होता. आपल्याकडे तो घ्यावयाचा, त्यावर स्थानिक सुताराकडून लाकडी साटा चढवावयाचा, बाके ठोकावयाची, वर छप्पर आणि छपरावर सामान. कारखान्याने ज्याची कल्पनाही केली नसेल एवढी माणसे त्यात बसत. गाडीच्या टाकीतून पेट्रोल केवळ उतारामुळे इंजिनात येई, म्हणून चढावर ‘मॉडेल टी’ मागे फिरवून उलटी चढवावी लागे, हा तिचा जगप्रसिद्ध दोष. तंजावरच्या सपाट भूमीत तो कोणाच्या ध्यानातही आला नसावा. पाणी आटले की कालवा जवळच असे. आणि एखादा भाग मोडला तर त्याच नमुन्याचा दुसरा भाग मद्रासहून मागविला की तो बिनबोभाट बसे. हायलंड पार्कच्या सरकत्या जुळणीचा खरा लाभ इकडे मिळाला तो असा.

१९२६ मध्ये कॅनडाच्या फोर्ड कंपनीने हिंदुस्थानात आपली शाखा कंपनी काढली आणि मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे सुट्या भागांतून गाड्या जुळविण्यास आरंभ केला. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे जुळणीचा कारखाना उघडला. गिरणगावाच्या कडेला शेवरोले गाड्या तयार होऊ लागल्या, आणि अय्यंगारांची पेढी दक्षिणेत जनरल मोटर्सची मोठी विक्रेती झाली.

गाड्या आल्या, पण रस्ते बैलांचेच होते. ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी सरकारने १९२७ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. आपल्याकडे जयकरांचे नाव स्वराज्य पक्षाच्या राजकारणाशी आणि पुणे विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरुपदाशी जोडलेले आहे; हिंदुस्थानच्या रस्त्यांवरचे त्यांचे ऋण मात्र इंजिनियरांखेरीज कोणी आठवीत नाही. रस्ते ही केवळ स्थानिक बोर्डांच्या ऐपतीबाहेरची बाब असून मोटारीचे पेट्रोल हेच त्यांच्या खर्चाचे न्याय्य साधन होय, असा समितीच्या शिफारशींचा रोख होता. त्यानुसार १९२९ च्या मार्चपासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे अधिक जकात बसली आणि तिच्यातून मध्यवर्ती रस्ता निधी निर्माण झाला. मद्रास इलाख्यात १९३१ च्या कायद्याने जुने टोलनाके जाऊन वाहनकर आला. बसमालकाच्या दृष्टीने ही मोठी सुटका होती.

आता ह्या इतिहासातील जो भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो त्याकडे येतो. खाजगी मोटारीत कोणी बसावे हे मालक ठरवितो. त्याविषयी कोणी वाद घालीत नाही. बसचे तसे नाही. आसन पैशाने मिळते, आणि शेजारी कोण बसेल हे आधी ठाऊक नसते. आगगाडीत हा पेच सरकारी नियमाने काही अंशी सुटला होता. बसगाड्या खाजगी, मालक स्थानिक, प्रवासी एकमेकांस ओळखणारे. दक्षिणेकडील जिल्ह्यांत कित्येक बसमालक अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांस गाडीत घेत नसत, आणि ही बंदी तिकिटावर छापण्यापर्यंत मजल गेली होती. सव्वाशे वर्षांपूर्वी, १८०१ मध्ये, सरफोजीराजांनी इंग्रज रेसिडेंटास पत्र लिहून आपली छत्रे आपल्याच ताब्यात राहू देण्याची विनंती केली होती. तीत त्यांनी ह्या छत्रांतून ब्राह्मणापासून परयापर्यंत, जोगी-जंगम-बैराग्यांसह, प्रत्येक वाटसरूस अन्न दिले जाते असे आवर्जून सांगितले होते. छत्रातील पंक्ती वेगळ्या असणार हे उघड आहे; त्या काळाला त्याहून अधिक श्रेय देण्याचे कारण नाही. तरीपण वाटसरूला वाटेवर नाकारावयाचे नाही एवढा धर्म त्या व्यवस्थेने पाळला होता. मोटारीचे युग आले आणि त्याच वाटांवर माणसाला नाकारण्याची नवी सोय झाली.

ह्याला धक्का दिला तो शेजारच्या रामनाथपुरम् जिल्ह्याने. तेथील डिस्ट्रिक्ट बोर्डाचे अध्यक्ष डब्ल्यू. पी. ए. सौंदरपांडियन हे स्वतः नाडर समाजातील, म्हणजे ज्यांना एके काळी देवळांची दारे बंद होती अशांपैकी. फेब्रुवारी १९२९ मध्ये चेंगलपट्टू येथे भरलेल्या पहिल्या स्वाभिमान परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले होते. आपल्या बोर्डाच्या हद्दीत जी बस आदिद्राविडांस प्रवेश नाकारील तिचा परवाना रद्द होईल, असा हुकूम त्यांनी काढला. उपदेश, ठराव, विनंत्या ह्यांपैकी काही नाही, केवळ परवाना. बसमालकाचे सारे भांडवल एका अमेरिकी सांगाड्यात अडकलेले असे, त्यामुळे हा हुकूम पाळला जाण्यास आवश्यक तेवढी धार त्याला होती.

आणि हा प्रश्न तामिळ मुलखापुरता होता असे मराठी वाचकाने मानू नये. त्याच १९२९ साली डॉ. आंबेडकर चाळीसगावी उतरले असता एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार झाला नाही. टांगा मिळाला, हाकणारा मिळाला नाही. वस्तीतील ज्या माणसाने अनुभव नसता तो हाकला त्याच्या हातून घोडा उधळला आणि डॉक्टर पुलावर फेकले जाऊन त्यांचा पाय मोडला. टांगा काय आणि बस काय, भाड्याचे वाहन हे पैशाने सर्वांना सारखे खुले असते ही समजूत दोन्हीकडे खोटी ठरत होती.

पुढील हकीकत थोडक्यात सांगता येईल. बसने आगगाडीचे प्रवासी पळविले तेव्हा रेल्वेची झोप उडाली. १९३३ मध्ये मिचेल आणि कर्कनेस ह्या दोन अधिकाऱ्यांचा रस्ते-रेल्वे स्पर्धेवरील अहवाल झाला, आणि १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मार्ग, परवाने व गाड्यांची संख्या ह्यांवर नियंत्रण आले. महायुद्धात पेट्रोल मिळेनासे झाले तेव्हा लाकडी कोळशाच्या वायूवर गाड्या चालविण्याची भट्टी अय्यंगारांच्या कारखान्यात तयार झाली. स्वातंत्र्यानंतर सरकारने केवळ जुळणी करणाऱ्यांस थारा न देण्याचे धोरण स्वीकारले आणि १९५४ पर्यंत फोर्ड व जनरल मोटर्स ह्या दोन्ही कंपन्यांनी आपले येथील काम आटोपले. वालचंद हिराचंद ह्यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यास गाड्या काढल्या, तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर आपली एस. टी. सुरू झाली तेव्हा तिच्या आरंभीच्या ताफ्यात फोर्ड, शेवरोले, स्टुडिबेकर अशी जुनी अमेरिकी नावे होतीच. तिकडे मद्रासजवळ एन्नोर येथे अशोक कंपनी निघाली आणि दक्षिणेचे रस्ते हळूहळू लेलँडच्या गाड्यांनी व्यापले. फोर्ड १९९५ मध्ये भारतात परतली, चेन्नईजवळ मरैमलै नगर येथे तिने मोठा कारखाना काढला, आणि २०२२ मध्ये तेथील उत्पादन थांबविले.

१९७२ मध्ये तामिळनाडू सरकारने कुंभकोणम् येथे चोळन रोडवेज ही संस्था स्थापन करून तंजावर भागातील बस-वाहतूक आपल्या हाती घेण्यास आरंभ केला. मदुरेकडे अय्यंगारांच्या पेढीचे मार्ग त्याच सुमारास पांडियन रोडवेजकडे गेले. पट्टुकोट्टैस जाणाऱ्या बसला ओरत्तनाडूचे छत्र आजही वाटेत लागते. तंजावर आणि पुदुकोट्टै ह्यांना थेट जोडणारा लोहमार्ग मात्र अद्यापि झालेला नाही. आगगाडीने जावयाचे तर तिरुचिरापल्लीस वळसा पडतो. म्हणून वल्लम, गंधर्वकोट्टै ह्या वाटेने जाणारा प्रवासी १९१२ प्रमाणेच बस धरतो.